अ‍ॅमस्टरडॅमचा मलिदा

मिल्काताईंची आणि माझी ओळख झाली सुपरमार्केटात, पैसे भरायच्या मशीनपाशी. मी कोथिंबिरीची जुडी घेऊन रांगेत उभी होते. पुढे लाल कोट घातलेली एक म्हातारी बाई मशीनला सांगत होती, "मेल्या, ठेवलंय ना पिशवीत! डोळे फुटले काय तुझे?" मी म्हटलं, "अहो, त्याला डोळे नाहीत म्हणून तर ओरडतोय." बाई गर्रकन वळल्या, माझ्याकडे बघितलं आणि माझा हात धरून भर दुकानात रडायलाच लागल्या. मागचा इंग्रज बिचारा 'सॉरी' म्हणून दुसऱ्या रांगेत गेला.

नागावकर आडनाव त्यांचं. अलिबागकडच्या बेने इस्राएली, म्हणजे आपले मराठी ज्यू. लग्न होऊन लंडनला आल्या तेव्हा विशीतल्या होत्या. नवरा एझरा पोस्टात, आणि या शाळेच्या स्वयंपाकघरात डिनर लेडी. "इंग्रजांच्या पोरांना बटाटा वाढून वाढून माझं मनगट गेलं गो," असं त्या सांगायच्या. एझराभाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून घरात मराठी बोलायला कोणी नव्हतं. त्यांच्या समाजाची इथे जी थोडी माणसं उरलीत ती भेटतात सणासुदीला, पण बोलतात इंग्रजीत. मुलगी शानी स्टॅनमोरला राहते. तिला मराठी समजतं, बोलायला गेली की सगळं शेंडा-बुडखा नसलेलं.

मी शैला. पुण्याची, पण आयुष्य गेलं कॉव्हेंट्रीत. मोहन तिथे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. ते गेल्यावर मुलगा म्हणाला, आई, आमच्याजवळ ये. म्हणून घर विकून ईलिंगला आले, आणि वर्षाच्या आत मुलगा सिडनीला गेला. घ्या! तर आम्ही दोघी अशा एकमेकींना सापडलो. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, म्हणून मी 'मिल्काताई, तुम्ही' म्हणायची आणि त्या मला 'शैला, गो'. रोज सकाळी फोन. विषय काही नाही. दुधाला वास येतो, गुडघा कुरकुरतो, शेजारणीच्या मांजराने परत घाण केली. पण मराठीत.

एकच विषय होता की जो निघाला की त्यांचा आवाज बदलायचा, तो मलिद्याचा.

आपल्याकडे मलिदा पुढारी खातात. यांचा मलिदा वेगळा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. घरच्यांनी ताटाभोवती जमायचं, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे त्यांच्या संदेष्ट्याचं, नाव घ्यायचं, प्रार्थना म्हणायची, मग तो खायचा. नवस बोलतात तोही एलियाहू हन्नाबीलाच आणि फेडतात तो मलिद्याने.

मिल्काताईंचा नवस होता पणतीसाठी. शानीचा मुलगा जॉश, त्याची बायको सोफी, त्यांची मुलगी ईडन. लॉकडाउनच्या दिवसांत ही पोर वेळेच्या फार आधी जन्मली. काचेच्या पेटीत, नळ्या लावलेली. पणजीला हॉस्पिटलच्या दारातसुद्धा येऊ देत नव्हते. तेव्हा मिल्काताई ईलिंगच्या स्वयंपाकघरात उभं राहून बोलल्या की ही पोर स्वतःच्या पायावर धावू दे, माझं सगळं घर एका टेबलाला बसवून मलिदा करीन.

पोर धावायला लागली. चार वर्षांची झाली. मलिदा काही होईना. जॉश लीड्सला, शानीला ऑफिस, सोफीच्या आईचं आजारपण. "मम, समरमध्ये करू. मम, पेसाखच्या सणाला करू." मिल्काताई पंचाऐंशीच्या उंबरठ्यावर आल्या. मला म्हणायच्या, "शैला, नवस अंगावर ठेवून मेले तर तो पोरीच्या डोक्यावर बसेल गो. मला त्याची भीती वाटते. मरायची नाही वाटत." मी सांगायची, अहो, देव काय कौन्सिल आहे का नोटीस पाठवायला? पण त्या हसायच्या नाहीत.

अशात शानीचा फोन आला, तो मला. "शैला आंटी, ममच्या बर्थडेला आम्ही सगळे अ‍ॅमस्टरडॅमला जाते. ट्रेनने. फोर जनरेशन्स! तुम्ही आली तर मम खूश होणार. तिच्याशी बोलायला कोणीतरी पाहिजे ना." मला समजायचं ते समजलं. यांनी फिरायचं, मी म्हातारीपाशी बसायचं. नाकावर राग आला. पण संध्याकाळी मिल्काताईंचा फोन आला तेव्हा त्या श्वास न घेता बोलत होत्या. "सगळे एका घरात असणार गो! घर घेतलंय भाड्याने, मोठं टेबल आहे, फोटो बघितला मी. शनिवारी संध्याकाळी, शब्बाथ सुटला की मलिदा करायचा. शानीला सांगितलंय, ती हो म्हणाली. जॉश प्रार्थना म्हणेल, त्याला फोनवर शिकवलीय मी थोडी. आमच्यात हे पुरुष म्हणतात. एझराचा आवाज आलाय त्याला." मग मी कसली नाही म्हणते!

सेंट पँक्रसला आम्ही सकाळी जमलो. मिल्काताई व्हीलचेअरमध्ये, मांडीवर पिशवी. ती पिशवी त्या कोणाच्या हातात देईनात. सुरक्षेच्या पट्ट्यावर ती मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. तिथल्या पोराने आत हात घालून नारळ बाहेर काढला, कानाशी नेऊन हलवला. साउथॉलहून चार नारळ वाजवून बघून घेतला होता मी. तो म्हणाला, मॅडम, हे काय? मी म्हटलं, कोकोनट. तो म्हणाला, ते दिसतंय, पण कशाला? मिल्काताई खुर्चीतून म्हणाल्या, "फॉर द प्रॉफेट." पोराने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्या टिकलीकडे, आणि नारळ मुकाट्याने परत ठेवला. शानी पुढे जाऊन उभी होती, आम्ही तिच्या कोणी नसल्यासारखी. पण ईडन खदाखदा हसत होती, आणि तिच्याकडे बघून मिल्काताईही.

गाडीत त्या चौघांना टेबलाची जागा मिळाली होती, आम्हा दोघींना मागे, दाराजवळ. तिकिटं अशीच मिळाली म्हणे. मिल्काताई मान लांब करून पुढे बघत होत्या. सोफी रंगाच्या पेन्सिली काढत होती, जॉशच्या कानात काहीतरी खुपसलेलं. शानी एकदा येऊन "मम, तुझी पाणी इथे आहे" म्हणून बाटली देऊन गेली. समुद्राखालचा बोगदा सुरू झाला, खिडकीत आमचीच दोन तोंडं दिसायला लागली. ईडन मधल्या वाटेने धावत आली, पणजीच्या गुडघ्याला हात लावला आणि तशीच परत पळाली. "बघितलंस ना कशी धावते?" मिल्काताई म्हणाल्या. "आता दोन दिवस. मग मी मोकळी."

घर सुरेख होतं, कालव्यावर. जिने मात्र शिडीसारखे. म्हणून आम्हा दोघींना खालची, स्वयंपाकघराला लागून असलेली खोली दिली. शुक्रवारी दुपारी मंडळी कुठलंसं म्युझियम बघायला गेली आणि मिल्काताईंनी पदर खोचला. शनिवारी त्यांना काही करता येत नाही, किसणं नाही, कालवणं नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत सगळं तयार करून ठेवायचं होतं. नारळ मी फरशीवर आपटून फोडला, घरात कोणी नव्हतं म्हणून बरं. खोबरं मी खवलं, पण पोह्यांना हात लावू दिला नाही. थरथरत्या बोटांनी त्यांनी स्वतः धुतले, निथळले, साखर घातली, जायफळ उगाळलं. "पोहे मोकळे राहिले पाहिजेत. लगदा झाला तर एझरा म्हणायचा, हे काय पोटीस केलंयस?" गुलाबाच्या पाकळ्या घातल्या. मोठ्या काचेच्या बाऊलमध्ये सगळं भरून, वर ताटली ठेवून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवलं. मग शब्बाथचे दिवे लावले. उद्याची पांढरी साडी खुर्चीच्या पाठीवर उलगडून ठेवली आणि लहान मुलीसारख्या लवकर झोपल्या.

सकाळी मला जाग आली ती चमच्यांच्या आवाजाने.

मिल्काताई आधीच दारात उभ्या होत्या, नाइटीवर कार्डिगन घातलेल्या. त्या हलत नव्हत्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. टेबलावर काचेचा बाऊल, तळाला मूठभर काहीतरी उरलेलं. जॉश, सोफी, ईडन यांच्यासमोर वाडगे. वाडग्यांत मलिदा, त्याच्यावर दही आणि ब्लूबेरी. ईडनच्या गालाला गुलाबाची पाकळी चिकटलेली.

"ग्रॅन!" सोफी उठून आली आणि तिने मिल्काताईंना मिठीच मारली. "यू मेड अस ब्रेकफास्ट! इट्स द बेस्ट म्यूझ्ली आय हॅव एव्हर हॅड." खरंच मनापासून म्हणत होती हो. इंग्रज घरात रात्री ओट्स भिजवून फ्रिजमध्ये ठेवतात, सकाळी दही घालून खातात, तीच म्यूझ्ली. तिला वाटलं, म्हातारीने आमच्यासाठी तेच केलंय, आपल्या पद्धतीने. शानीसाठी तिने एक वाडगा वेगळा काढून झाकूनही ठेवला होता.

माझं डोकं फिरलं. अरे, विचारायचं तरी! परक्या घरात फ्रिज उघडला की जे दिसेल ते हाणायचं? मी तोंड उघडलं, तोच मिल्काताईंनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मग त्या चालत टेबलाशी गेल्या, ईडनच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. ओट्याजवळचा भांडी पुसायचा टॉवेल घेतला, तो डोक्यावर ओढला. एक हात पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणायला लागल्या.

हळू आवाजात, भरभर. मला हिब्रू येत नाही, पण त्या कशाला घाई करतायत ते मला दिसत होतं. त्यांची नजर वाडग्यांवर होती. जॉशचा वाडगा संपत आला होता. ईडन पाकळ्या वेचून बाजूला ठेवत होती. मलिदा संपायच्या आत प्रार्थना संपायला हवी होती. सोफीला वाटलं, ग्रॅन जेवणाआधीचं काहीतरी म्हणतेय. तिने क्षणभर चमचा खाली ठेवला, मग ईडनने दूध सांडलं म्हणून ती फडकं आणायला उठली. जॉश फोनमध्ये ट्रामच्या वेळा बघून मोठ्याने वाचत होता. ज्याने प्रार्थना म्हणायची तो ट्राम बघतोय, आणि बाईने म्हणायची नाही ती प्रार्थना ही बाई टॉवेल घेऊन म्हणतेय! मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात शानी जिना उतरून आली, खुर्ची ओढून बसली. सोफीने तिच्यापुढे वाडगा सरकवला. शानीने एक घास खाल्ला आणि तिचा चमचा थांबला. तिने बाऊलकडे बघितलं, मग आईकडे. "मम," ती म्हणाली, "हे तर..."

"खा," मिल्काताई मध्येच म्हणाल्या, आणि पुढचे शब्द परत सुरू केले.

शानीने मान खाली घातली आणि खाल्लं.

मिल्काताईंचं संपलं. त्या थांबल्या. त्या कशाची वाट बघताहेत हे मला कळलं, कारण त्यांनीच मला शंभरदा सांगितलं होतं की म्हणणारा म्हणतो आणि घरातली सगळी मिळून 'आमेन' म्हणतात. त्याशिवाय ते पुरं होत नाही. जॉश म्हणाला, साडेदहाची ट्राम मिळेल. शानी वाडग्यात बघत होती. तिला माहीत होतं, तिच्या ओठावर होतं, पण बाहेर येईना. लाज वाटली असेल, किंवा मुलासुनेपुढे आता सगळं समजावत बसावं लागेल असं वाटलं असेल. मिल्काताई टॉवेल डोक्यावर धरून उभ्याच.

"आमेन!" मी म्हणाले. आरतीच्या शेवटी ओरडतो तशी ओरडले.

सगळे दचकले. जॉश हसत सुटला. "शैला आंटी, आर यू ज्यूइश नाऊ?" मग सोफी हसली, ईडन 'आमेन आमेन' करत चमचा आपटायला लागली. मिल्काताईसुद्धा हसल्या. बाऊलच्या तळचा मलिदा बोटाने पुसून तोंडात टाकला आणि खोलीत निघून गेल्या.

मी मागोमाग गेले, दार लावलं आणि सुटलेच. "मी सांगते त्यांना. आत्ता सांगते. आणि पोहे आणते मी, इथे सुरीनामहून आलेल्या हिंदुस्थानी लोकांची दुकानं असतात, नारळही मिळेल. तुमचा शब्बाथ आहे, माझा नाही. मी किसते, मी कालवते, संध्याकाळी परत करू."

"गप बस," त्या म्हणाल्या. पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पाय जमिनीला पोचत नव्हते. "सोफीने प्रेमाने वाढलं. तिला सांगशील तर ती रडेल. मग सगळे सॉरी म्हणतील. दिवसभर सॉरी सॉरी. मग संध्याकाळी माझी समजूत घालायला म्हणून ताटाभोवती उभे राहतील. मला तसं नको गो."

"आणि नवस?"

"मी काय बोलले होते? पोर धावू दे आणि सगळं घर एका टेबलाला बसू दे. बसलं होतं ना?"

मी त्यांच्याशेजारी बसले. बाहेर चपला, कोट, छत्र्या शोधायची गडबड चालली होती, मग दार आपटलं आणि घर शांत झालं. जाताना कोणी आत डोकावलं नाही. त्यांना वाटलं असणार, म्हाताऱ्या परत झोपल्या. दिवसभर आम्ही खिडकीत बसून कालव्यातल्या बोटी बघितल्या. दुपारी मलिद्याभोवती मांडायला आणलेली संत्री मी सोलून दिली, मिल्काताईंनी एक फोड खाल्ली.

संध्याकाळी शानी एकटीच खोलीत आली. दार अर्धवट उघडं ठेवून उभी राहिली. "मम, मला मध्येच कळला. आय फेल्ट सो बॅड. आपण आता करायचा का, क्विकली? फक्त डिनरची टेबल आठ वाजता बुक केली आहे. तुझ्यासाठीच आठ, आफ्टर शब्बाथ."

आईचा शब्बाथ लक्षात ठेवून तिने आठचं टेबल घेतलं होतं. त्याच वेळेला आईने काय मागितलं होतं ते मात्र विसरली. आता हिला चांगली म्हणायचं की वाईट, मला आजही ठरवता येत नाही.

"झाला की सकाळी," मिल्काताई म्हणाल्या. "सगळ्यांनी खाल्ला."

"शुअर?"

"शुअर."

शानीचा चेहरा असा काही सुटला की बघवेना. तिने आईच्या गालाचा मुका घेतला आणि टॅक्सी बोलवायला गेली. आकाशात तारे दिसले, शब्बाथ सुटला, तशी मी मिल्काताईंना पांढरी साडी नेसवली. त्या साडीतच त्या हॉटेलात गेल्या, मेणबत्त्या विझवल्या, फोटो काढून घेतले. "ग्रॅन, यू लुक लाइक अ क्वीन," जॉश म्हणाला. खरंच त्याचा आवाज फार छान आहे.

रविवारी परतीच्या गाडीत आम्ही पुन्हा दाराजवळ, ते पुन्हा टेबलाला. ईडन आईच्या मांडीवर झोपली होती. मिल्काताई बराच वेळ डोळे मिटून होत्या. मला वाटलं, झोपल्या. बोगदा लागला तशा म्हणाल्या, "शैला, खरं सांग. फिटला का गो?"

मी आयुष्यात गणपतीपासून साईबाबांपर्यंत सगळ्यांना बोललेले अर्धे नवस बुडवलेत. मी कोण सांगणारी? पण म्हटलं, "फिटला. मी स्वतः आमेन म्हटलंय."

"तू हिंदू. तुझं धरतात की नाही कोणाला ठाऊक." जरा हसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फिटला असेल. एलियाहू काही एवढा वाईट नाही. पण यांना कोणाला माहीतच नाही की असं काही मागितलं होतं. त्या पोरीसाठी कोणी रात्र रात्र उभं होतं, हे तिला कोण सांगणार? शानी विसरेल. जॉशला तो ब्रेकफास्ट वाटला. मी मेल्यावर तू सांग त्यांना. आता नको."

"सांगीन," मी म्हटलं. मग राहवलं नाही, माझा स्वभावच तसा. "पण मिल्काताई, माझं वय काय कमी आहे? मीच आधी गेले तर?"

त्यांनी विचार केला. पुढे टेबलाशी कोणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला, त्याचा आवाज आला.

"मग राहिलं," त्या म्हणाल्या, आणि शाल नीट करून खिडकीकडे वळल्या.